प्रश्न वाचकांचे: झाडांचा विस्तार वरून मोजताना

ड्रोन आणि उपग्रहाच्या चित्रांवरून फळझाडांचा विस्तार, उंची आणि पर्णसंभार मोजण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमची कातळउतारावर हापूसची साडेतीनशेच्या आसपास कलमे आहेत. कल्टारची (वाढ रोखून मोहोर आणणारे औषध) मात्रा विस्तारावर ठरते, म्हणून दरवर्षी प्रत्येक कलम टेपने मोजतो. ड्रोनने हे काम होईल का? किती अचूक होईल? जमिनीवर अचूक नियंत्रणबिंदू (जागा आधी मोजून ठेवलेल्या खुणा) लागतातच का? — एक आंबा बागायतदार, देवगड

होईल. मात्र तुम्हाला किती अचूकता लागते, हे आधी पाहा. सगळा खर्च त्यावर ठरतो. शिफारस आहे विस्ताराच्या व्यासाला प्रति मीटर ३ मि.लि. कल्टार, म्हणजे ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर व्यास मोजून त्यांची सरासरी घ्यायची. ड्रोनच्या चित्रावरून व्यास मिळत नाही, क्षेत्रफळ मिळते. त्यावरून व्यास काढायचा तर क्षेत्रफळाचे वर्गमूळ घेऊन १.१२८ने गुणावे. ५०.३ चौरस मीटर क्षेत्राचे कलम ८ मीटर व्यासाचे ठरते आणि त्याला २४ मि.लि. लागते. आता समजा क्षेत्रफळ मोजताना १० टक्के चूक झाली आणि ते ५५.३ आले. व्यास ८.४ मीटर निघेल आणि मात्रा २५.२ मि.लि. वर्गमूळामुळे चूक निम्मी होते. मजूर मापाने औषध ओततो तेव्हा एवढा फरक सहज पडतो. म्हणून सेंटिमीटरच्या अचूकतेसाठी महागडी यंत्रे भाड्याने घेण्याची तुम्हाला गरज नाही. साधा कॅमेरा असलेला ड्रोन पुरे. कलमे शंभराच्या आत असती तर आम्ही टेपच वापरा असे सांगितले असते.

उड्डाण केव्हा करायचे? कल्टार जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत देतात, पण त्या दिवसांत कोकणात उड्डाणाला उघडीप मिळेलच असे नाही. त्यामुळे फळे उतरल्यावर, मेअखेरीस किंवा पाऊस सुरू होण्याआधी मोजून ठेवा. फांद्यांची विरळणी करणार असाल तर ती झाल्यावरच मोजा, नाहीतर तोडलेल्या फांदीचेही औषध दिले जाईल. वेळ सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. फार लवकर गेलात तर लांब सावल्या शेजारच्या कलमावर पडतात आणि दोन झाडांमधली कड हरवते. दुपारनंतर खारा वारा वाढतो. हलणारे पान एका फोटोत एका जागी तर पुढच्या फोटोत दुसऱ्या जागी दिसते, सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत आणि झाडाच्या माथ्यावर भोके पडतात.

तुमच्याकडे खरी अडचण उताराची आहे. १ इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल आणि ८.८ मि.मी. लेन्स असा सर्रास मिळणारा कॅमेरा घेऊ. ६० मीटर उंचीवरून जमिनीवर एक पिक्सेल १.६ सें.मी.चा पडतो, म्हणजे तपशील भरपूर आहे. एका फोटोत जमीन पुढे-मागे ६० मीटर आणि आडवी ९० मीटर दिसते. पुढचा ओव्हरलॅप, म्हणजे लागोपाठच्या फोटोंचा एकमेकांवर येणारा भाग, ८० टक्के ठेवला तर दर १२ मीटरला फोटो, बाजूचा ७५ टक्के ठेवला तर दोन ओळींत २२.५ मीटर अंतर. सपाट जागी हे छान चालते. आता ड्रोन खालच्या गडग्याजवळून उडाला आणि बागेचा वरचा भाग तिथून २० मीटर उंच असला, तर तिथल्या १० मीटर उंच कलमाच्या माथ्यापासून ड्रोन ३० मीटरवरच असतो. त्या उंचीवर फोटोत पुढे-मागे ३० आणि आडवे ४५ मीटर एवढेच मावते. १२ आणि २२.५ मीटरची अंतरे तीच राहतात, म्हणून ओव्हरलॅप पुढे ६० आणि बाजूला ५० टक्क्यांवर घसरतो. पालवीसाठी तो अपुरा आहे. बागेच्या वरच्या अंगाची कलमे चित्रात फाटलेली, दुहेरी कडांची दिसतात ती याच कारणाने. दोष कॅमेऱ्याला देऊ नका. उड्डाणाच्या ॲपमध्ये जमिनीच्या उंचीनुसार उडण्याची सोय असेल तर ती सुरू करा. नसेल तर बाग समपातळीच्या दोन-तीन पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्ट्यासाठी त्याच पातळीवरून वेगळे उड्डाण करा. ओव्हरलॅप ८५ आणि ८० ठेवा. फोटो वाढतात, तरी काम पुन्हा करण्यापेक्षा ते परवडते.

फोटो जोडायला वेबओडीएम हे मोफत सॉफ्टवेअर चालते. त्यात डीएसएम आणि डीटीएम हे दोन्ही पर्याय निवडावे लागतात. पहिल्यात झाडांच्या माथ्यासकट पृष्ठभाग मिळतो, दुसऱ्यात झाडे वगळून जमीन. एकातून दुसरे वजा केले की प्रत्येक ठिकाणची झाडाची उंची हाती येते. घोटाळा बहुधा डीटीएममध्ये होतो. जमीन वेगळी काढणाऱ्या एसएमआरएफ गाळणीची ‘विंडो’ मुळात १८ मीटरची असते. जुन्या बागेत तीन-चार कलमांचे घेर एकमेकांत शिरून २५-३० मीटरचा सलग पुंजका झालेला असेल, तर गाळणी त्याच्या मध्यभागालाच जमीन समजते आणि मधल्या कलमांची उंची दोन-अडीच मीटर दाखवते. विंडो पुंजक्याहून मोठी करा. त्याच गाळणीतली ‘स्लोप’ची किंमत मुळात ०.१५ असते, म्हणजे १५ टक्के उतार. कातळाच्या कडेला उतार त्याहून तीव्र असेल तर तीही वाढवा, नाहीतर गडगे आणि पायऱ्या झाडांत मोजल्या जातात.

उंचीच्या नकाशावर १.५ मीटरची मर्यादा लावा. करवंदाची जाळी, गवत, रायवळीची रोपटी तिथेच गळतात. फक्त हिरव्या रंगावर झाडे वेगळी करणारी पद्धत गवत सुकलेले असते तोवर चालते. पहिल्या पावसानंतर सगळेच हिरवे होते आणि ती कोलमडते.

आता एकमेकांत शिरलेली कलमे वेगळी करायची. त्यासाठी ‘वॉटरशेड’ नावाची पद्धत आहे. उंचीचा नकाशा उलटा धरला की प्रत्येक झाड एक खळगा होते, आणि दोन खळग्यांमधली पाणी विभागणारी रेषा ही दोन झाडांची सीमा. पण हापूसच्या जुन्या कलमाला एकच शेंडा नसतो, तीन-चार उंचवटे असतात. यंत्रावर सोडले तर एका कलमाची तीन कलमे होतात. म्हणून आधी प्रत्येक बुंध्यावर क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये एक बिंदू ठेवा आणि वॉटरशेडला तेवढेच बिंदू बीज म्हणून द्या. साडेतीनशे कलमांसाठी आमचे स्पष्ट मत असे की चित्र पडद्यावर मोठे करून कडा हाताने आखणेही वाईट नाही. बाग माहीत असलेल्या माणसाने आखलेल्या कडा बहुतेक वेळा यंत्रापेक्षा बऱ्या असतात. बुंध्यांचे बिंदू पुढच्या वर्षीही उपयोगी पडतात.

जमिनीवर अचूक नियंत्रणबिंदू लागतातच का, असेही तुम्ही विचारले आहे. साध्या जीपीएसवर जोडलेले चित्र मधे फुगते किंवा खचते, उंचीत मीटरभर फरक पडू शकतो. पण पृष्ठभाग आणि जमीन एकाच उड्डाणातून आलेली असल्याने तो फुगवटा दोन्हींत सारखाच असतो आणि वजाबाकीत निघून जातो. विस्तारासाठी फक्त मोजमाप खरे उतरते ना, एवढे पाहायचे. उड्डाणाआधी बागेत ५० सें.मी.चे दोन पांढरे फलक टेपने बरोबर ५० मीटर अंतरावर ठेवा आणि तयार चित्रावर ते अंतर मोजा. अर्ध्या मीटरहून जास्त फरक आला तर जोडणीत चूक आहे. मागच्या वर्षीची जमीन आणि यंदाचा पृष्ठभाग अशी वजाबाकी करायची असेल, तर मात्र आरटीके यंत्राने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) मोजलेले निदान पाच बिंदू हवेतच: चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये. उतारावर आणखी तीन-चार.

शेवटी लहान-मोठी मिळून वीस कलमे टेपने मोजा आणि ड्रोनच्या आकड्यांशी ताडून पाहा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर त्या प्रमाणात दुरुस्ती करता येते. फरक विखुरलेला असेल तर कडा चुकल्या आहेत. आणि यादीत व्यास मोठा आला म्हणून अशक्त, रोगट किंवा गेल्या हंगामात फळाने खचलेल्या कलमाला पूर्ण मात्रा देऊ नका. तशी कलमे उड्डाणाच्या दिवशीच बागेत फिरून खुणावून ठेवा. चित्रात ती घेराने मोठीच दिसतात.

प्रश्न: मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात माझी डाळिंबाची बाग कायम पिवळी-लाल दिसते, एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) ०.३५. शेजारची बाग हिरवी, ०.६०. माझी बाग खरेच कमजोर आहे का? लागण ४.५ बाय ३ मीटर. — सांगोला

एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. अशा बहुतेक ॲपमध्ये चित्र येते ते युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे. लाल आणि निकट-अवरक्त पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. तुमच्या लागणीत एका झाडाला १३.५ चौरस मीटर जागा आहे. एका पिक्सेलमध्ये सात झाडे आणि त्यांच्यामधली सगळी मोकळी माती एकत्र मोजली जाते. उपग्रहाला तुमचे एकटे झाड दिसतच नाही.

०.३५ मागे काय आहे ते पाहू. उघड्या मातीचा आकडा ०.१५ आणि पूर्ण पानांनी झाकलेल्या जागेचा ०.८० धरला, तर ०.३५ म्हणजे (०.३५ वजा ०.१५) भागिले ०.६५, साधारण ३१ टक्के जागा झाकलेली. १३.५ चौरस मीटरपैकी ३१ टक्के म्हणजे ४.२ चौरस मीटर, म्हणजेच २.३ मीटर व्यासाचे झाड. छाटणी नीट झालेल्या आणि ओळी स्वच्छ ठेवलेल्या डाळिंबाला हे साजेसेच आहे. आता शेजाऱ्यांच्या ०.६० चा हिशोब करा: सुमारे ६९ टक्के. ४.५ मीटरच्या ओळींत एवढी जागा निव्वळ डाळिंबाने झाकली जाणे अवघड. गल्लीत तण किंवा ताग-धैंचा असणार, किंवा झाडे दाटून गेली असणार. बांधावर जाऊन बघा.

आणखी दोन-तीन गोष्टींनी हा आकडा फसवतो. बहर धरताना इथ्रेल फवारून पानगळ केली की पुढचे काही आठवडे आकडा तळाला जातो. तो रोग नव्हे. उन्हाळ्यात फळे चट्ट्यांपासून वाचवायला केओलिन (पांढरी माती) फवारले असेल तर पाने पांढरी पडतात, लाल प्रकाश जास्त परतवतात आणि पाने निरोगी असूनही आकडा खाली येतो. झाडांवर क्रॉप कव्हर घातले असेल तर उपग्रह कापड मोजतो. शेजाऱ्यांनी मृग बहर धरला आणि तुम्ही हस्त, तर एकाच तारखेची तुलना करून काहीच हाती लागत नाही.

मग याचा उपयोग काय? तुमच्या बागेची तुलना तिच्याशीच करा. या वर्षी पानगळीनंतर साठाव्या दिवशीचे चित्र आणि गेल्या वर्षीचे तितक्याच दिवसांचे चित्र शेजारी ठेवा. दोन्ही वेळा वातावरणाची दुरुस्ती केलेलेच चित्र घ्या, त्याला लेव्हल-२ए म्हणतात. बागेच्या एका कोपऱ्याचा आकडा बाकीच्या बागेच्या तुलनेत सलग तीन-चार चित्रांत घसरत असेल तर तिथे जाऊन ड्रिपर, सूत्रकृमी, मर यांची तपासणी करा. एक एकराचा चौरस तुकडा जेमतेम ६४ मीटर बाजूचा असतो. कडेच्या पिक्सेलांत बांध, रस्ता, शेजारचे पीक मिसळते, ते सोडले की मधले १६ ते २५ पिक्सेल उरतात. विश्वास तेवढ्यांवरच ठेवा. रंगांकडे लक्ष देऊ नका. बरीच ॲप त्या दिवशीच्या सर्वांत कमी आकड्याला लाल आणि सर्वांत जास्त आकड्याला हिरवा रंग देतात, त्यामुळे एकसारख्या निरोगी बागेतही लाल ठिपके उमटतात. आकडा वाचा.

प्रश्न: संत्र्याच्या बागेचे ड्रोनचित्र आहे. त्यावरून प्रत्येक झाडाला ठिबकने किती पाणी द्यायचे ते काढता येते का? अंतर ६ बाय ६ मीटर. — वरूड

काढता येते. पण या हिशोबात ड्रोनपेक्षा सूत्र चुकीचे वापरल्यानेच जास्त घोटाळा होतो, म्हणून आधी सूत्र.

पाण्याची गरज काढायच्या दोन रीती आहेत. एकीत पीक गुणांक (हवेत उडणाऱ्या पाण्याच्या किती पट पाणी पिकाला लागते तो आकडा) पूर्ण जागेसाठी दिलेला असतो आणि झाड किती जागा झाकते त्यानुसार तो गुणांकच बदलतो. दुसरीत गुणांक झाडाने झाकलेल्या जागेसाठी असतो आणि त्याला झाडाच्या क्षेत्रफळाने गुणतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकीचा गुणांक आणि दुसरीचे क्षेत्रफळ घेतले की झाड उपाशी राहते.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत लिंबूवर्गीय फळझाडांचे गुणांक पहिल्या रीतीचे आहेत. गल्लीत तण नसताना, हंगामाच्या मधल्या काळासाठी २० टक्के जागा झाकलेली असेल तर ०.४५, ५० टक्के असेल तर ०.६०, ७० टक्के असेल तर ०.६५. समजा तुमच्या झाडाचा सरासरी व्यास ४.२ मीटर आहे. क्षेत्रफळ १३.८५ चौरस मीटर, ३६ पैकी ३८ टक्के. २० आणि ५० च्या मधला गुणांक ०.५४ येतो. उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवशी संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे त्या हवामानात गवताळ जमिनीतून दिवसभरात उडून जाणारे पाणी, ७ मि.मी. धरले तर ७ गुणिले ०.५४ गुणिले ३६ म्हणजे १३६ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून १५१ लिटर. आता हाच ०.५४ घेऊन ३६ ऐवजी १३.८५ ने गुणले की उत्तर ५८ लिटर येते. संशोधन संस्थेने किंवा विद्यापीठाने दिलेला गुणांक वापरताना तो कुठल्या क्षेत्रासाठी आहे हे त्याच पानावर शोधा. दिलेले नसेल तर तो गुणांक वापरू नका.

दुसरा घोटाळा नकाशाच्या प्रक्षेपाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या रीतीचा. ड्रोनवाल्याने चित्र ‘वेब मर्केटर’ प्रक्षेपात दिले असेल आणि तुम्ही पिक्सेल मोजून क्षेत्रफळ काढले, तर वरूडच्या अक्षांशावर ते सुमारे १५ टक्के जास्त येते. यूटीएम प्रक्षेप मागा. त्यातही आपल्या राज्याची विभागणी होते. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३ वा विभाग, पूर्वेला ४४ वा. अमरावती शहर ४३ मध्ये पडते, वरूड आणि नागपूर ४४ मध्ये. अमरावतीच्या सवयीने ४३ टाकले तर क्षेत्रफळ फारसे बिघडत नाही, पण दोन वेगवेगळ्या विभागांतली चित्रे एकमेकांवर बसवताना गोंधळ होतो. पहिल्या रीतीच्या सूत्रात १५ टक्के फुगलेले क्षेत्रफळ पाण्यात ६ टक्क्यांच्या आसपासच फरक पाडते, दुसऱ्या रीतीत तो पूर्ण १५ टक्के उतरतो.

प्रत्येक झाडाला वेगळे पाणी देणारी यंत्रणा आपल्या बागांत नसते. म्हणून झाडागणिक आकडे काढून झाल्यावर एका व्हॉल्व्हखालच्या झाडांचा मधला आकडा घ्या आणि व्हॉल्व्हची वेळ त्यावर ठरवा. एका व्हॉल्व्हखाली अडीच मीटरची आणि पाच मीटरची झाडे मिसळलेली दिसली तर नकाशाचा सर्वांत मोठा फायदा तिथेच आहे. लहान झाडांचे एक-दोन ड्रिपर बंद करा किंवा कमी प्रवाहाचे लावा. आंबिया बहरासाठी ताणावर सोडलेल्या बागेला हा हिशोब लावायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. आणि ताणावरच्या झाडाची पाने वळतात, घेर आतून विरळ दिसतो. त्या दिवसांतले चित्र मोजमापाला घेऊ नका.

प्रश्न: फवारणीचे पाणी झाडाच्या आकारमानावर ठरवावे असे वाचले. डाळिंबात ते कसे काढायचे? ड्रोनने मिळणारी उंची त्यासाठी चालेल का? — सटाणा

ओळीतील पर्णसंभाराचे घनफळ काढतात. पानांच्या पट्ट्याची उंची गुणिले रुंदी गुणिले १०,०००, भागिले दोन ओळींतले अंतर. पट्टा २ मीटर उंच, २ मीटर रुंद आणि ओळी ४.५ मीटरवर असतील तर हेक्टरी ८,८८९ घनमीटर. अमेरिकेतील सफरचंद बागांसाठी रूढ असलेले माप, पाने पूर्ण भिजून पाणी ओघळू लागेपर्यंत, १,००० घनमीटरला सुमारे ९४ लिटर. त्या हिशोबाने हेक्टरी ८३५ लिटर, एकरी ३४० च्या जवळपास. डाळिंबाची पाने आणि आपली फवारणी यंत्रे वेगळी आहेत, म्हणून याला सुरुवातीचा आकडा माना. पाण्याने रंग बदलणारे कागद झाडाच्या आत, पानाच्या खालच्या बाजूने, तीन उंचींवर लावा आणि आकडा वर-खाली करा. पाणी कमी-जास्त केले तरी औषधाची एकरी मात्रा लेबलप्रमाणेच ठेवायची.

ड्रोनच्या उंचीबद्दल सावध राहा. डाळिंबाचे सरळ वाढलेले पानसोट पेन्सिलीएवढे बारीक असतात. फोटोंच्या जोडणीत ते सापडत नाहीत किंवा गाळले जातात, आणि झाड प्रत्यक्षापेक्षा बुटके निघते. फवारणीसाठी हा दोष फारसा आड येत नाही, कारण त्या शेंड्यांवर पाने थोडीच असतात. अडचण वेगळीच आहे: सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला झाडाचा खालचा भाग दिसत नाही आणि सॉफ्टवेअर पानांचा पट्टा जमिनीपर्यंत भरून टाकते. खालची ३०-४० सें.मी. जागा मोकळी असेल तर ती टेपने मोजून उंचीतून वजा करा. कडांचा आकार नीट हवा असेल तर कॅमेरा क्षितिजाखाली ६० अंशांवर तिरका ठेवून आडव्या-उभ्या अशा दोन्ही दिशांनी उडवावे लागते.

प्रश्न: द्राक्षबागेवर प्लास्टिकचे आच्छादन आहे. ड्रोनने पानांचे मोजमाप होईल का? — निफाड

नाही. प्लास्टिकवर उजेड चमकतो, त्यावर थेंब आणि धूळ असते, आणि निकट-अवरक्त आकडा पानाचा न राहता पानाचा अधिक प्लास्टिकचा होतो. मोजायचे असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतर आच्छादन पसरण्याआधी मोजा, किंवा खालून मोजा. मांडवाखाली किंवा वाय आकाराच्या आधाराच्या तारांखाली जमिनीपासून ठरावीक उंचीवर मोबाइल आडवा धरून वर फोटो घ्यायचा आणि त्यात आकाश किती टक्के दिसते ते काढायचे. सूर्य फोटोत येणार नाही अशी सकाळची किंवा ढगाळ वेळ निवडा. प्रत्येक वेळी त्याच वेलींखाली, त्याच उंचीवर. या पद्धतीत घड आणि काड्याही पानांत मोजल्या जातात, म्हणून मणी फुगल्यानंतरचे आकडे आधीच्या आकड्यांशी जोडू नका.

प्रश्न: मोसंबीत मर होऊन तुटाळ पडली आहे. ड्रोनचित्रावरून झाडांची खात्रीशीर मोजणी होते का? — जालना

होते, पण आपोआप मोजणीवर सोडू नका. ६ बाय ६ च्या लागणीत हेक्टरी २७७, एकरी ११२ जागा असतात. त्या जागांची जाळी आधी चित्रावर बसवा आणि प्रत्येक जागी झाड आहे की नाही एवढेच तपासा. उंचीच्या नकाशावर शेंडे शोधणारी पद्धत वापरायची तर शोधाची खिडकी अंतराच्या निम्मी, म्हणजे ३ मीटर ठेवा. लहान ठेवली तर एका झाडाची दोन होतात, मोठी ठेवली तर शेजारचे बुटके झाड गळते. नांग्या भरलेली नवी रोपे मीटरभराच्या आत असतात, ती उंचीच्या मर्यादेत सापडत नाहीत. ती रंगीत चित्रावर डोळ्यांनी पाहा. वाळून उभे राहिलेले झाड उंचीच्या नकाशात कधी जिवंत दिसते, कधी फांद्या बारीक म्हणून अदृश्य होते. त्यासाठीही रंगीत चित्र हवेच.

प्रश्न: ड्रोन भाड्याने बोलावताना काय ठरवून घ्यावे? परवानगी लागते का? — अनेक वाचक

ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो, त्यावर २ किलोपर्यंतचे मायक्रो आणि २५ किलोपर्यंतचे स्मॉल असे पहिले तीन वर्ग आहेत. पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे नॅनोपेक्षा मोठ्या ड्रोनसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र असले पाहिजे, आणि ड्रोनला नोंदणीचा विशिष्ट ओळख क्रमांक हवा. दोन्ही पाहूनच काम द्या. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. आपला गट कुठल्या रंगात येतो ते सरकारच्या ड्रोन हवाई क्षेत्र नकाशावर आधी बघा. ६० मीटर म्हणजे सुमारे १९७ फूट. २०० फुटांच्या पट्ट्यात ते जेमतेम बसते, म्हणून तिथे ५० मीटरच ठरवा.

काम ठरवताना फक्त रंगीत पीडीएफ घेऊ नका, त्यावर पुढे काहीच मोजता येत नाही. ऑर्थोफोटो (फोटो जोडून तयार केलेले, मोजता येणारे चित्र), डीएसएम आणि डीटीएम हे तिन्ही यूटीएम प्रक्षेपातले जिओटिफ (जागेची माहिती असलेली चित्रफाइल) म्हणून मागा. मूळ फोटोही घ्या. जोडणी बिघडली असेल तर दुसरीकडे पुन्हा करता येते, मूळ फोटो नसतील तर उड्डाणच पुन्हा करावे लागते. बहुपट्टी कॅमेरा (निकट-अवरक्तासह वेगवेगळे प्रकाशपट्टे टिपणारा) असेल तर उड्डाणाच्या आधी आणि नंतर परावर्तन फलकाचा (किती प्रकाश परतवतो हे माहीत असलेल्या फलकाचा) फोटो घेतला का, ते विचारा. तो नसेल तर त्या दिवशीचे एनडीव्हीआय आकडे दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत. आणि पैसे देण्याआधी त्यांच्या चित्रावरची दहा झाडे स्वतः टेपने मोजून पाहा.